हजारावी गाठ

थोरली वस्ती, नातेपुते
१७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. सुकन्या हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या पत्राची वाट बघून पोस्टमन कंटाळला, मी अजून कंटाळलो नाही. कान पार गेल्यापासून फोन माझ्या काही कामाचा राहिला नाही. तुझ्याशी तुझी वहिनी बोलते आणि मला खुणा करून सांगते. परवा तिनं गुडघा दाखवला, तर मला वाटलं तू पडलीस. मी सोलापूरला निघायला पटका बांधला, तेव्हा कळलं की नुसता दुखतोय. म्हणून पत्रच बरं.

आता मुख्य मजकूर. आपली सूनबाई वैजयंती ज्या शाळेत शिकवते, तिथं २२ डिसेंबरला गणित दिवस करणार आहेत. रस्त्याकडच्या भिंतीवर माझा आकडा रंगवायचा असं तिनं ठरवलंय. एकेक अंक हातभर उंच. ८२९३४८९५१. ब्याऐंशी कोटी, त्र्याण्णव लाख, अठ्ठेचाळीस हजार, नऊशे एक्कावन्न. खाली लिहिणार की या संख्येला कशानंच भाग जात नाही, हे गुंडा मेंढक्यानं पाटीवर चार वर्षं भागाकार करून सिद्ध केलं. दर भागाकाराला एक गाठ मारलेली माझी लोकरीची दोरीसुद्धा काचेच्या पेटीत ठेवणार म्हणे. केरा म्हणते की लग्न झालं तेव्हा तिच्या माहेरच्यांना वाटलं होतं जावई मटका खेळतो, सारखा आकडा आकडा करतो. आता तोच आकडा सरकारी भिंतीवर जाणार, तर ती सगळ्या माहेराला बोलावणार आहे.

पडदा तुझ्या हातानं काढायचा आहे. आकडा तू दिलेलास, भाजकांची यादी तू लिहून दिलेलीस आणि खरंखोटं बघून हो म्हणालीस ती तूच. मी नुसते भागाकार केले. सातवीला शाळा सुटली तेव्हा वाटलं होतं की आता पाटी गेली ती गेली. ती तुझ्यामुळं पुन्हा हातात आली. मास्तर विचारतात तुम्ही कुठं शिकलात, तर मी सांगतो बहिणीकडं, पोस्टानं.

तारीख पक्की कळव. गुडघ्याला आपल्या मेंढीच्या दुधाचं तूप लाव.

माया आहेच, ती तुझ्याकडूनही कमी होऊ देऊ नकोस.
तुझा दादा,
गुंडा


सोलापूर
२४ नोव्हेंबर २०२५

ती. गुंडादादास,
सुकन्याचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सगळे खुशाल असल्याचं वाचून बरं वाटलं. इकडे थंडी अजून नाही. कालच नवी पेठेत जाऊन वहिनीसाठी लुगडं घेतलं, हिरवं, काठ तिला आवडतात तसे रुंद. शेजारच्या गौरम्मांनी शेंगाची चटणी कुटून दिली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर दोन्ही पाठवते.

२२ तारखेचं मात्र अवघड दिसतं. कॉलेजात परीक्षा आहेत आणि माझी देखरेखीची पाळी लागली आहे. गुडघ्याचंही आहेच. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आणि दादा, वैजयंतीला सांग की भिंतीवर दुसरं काहीतरी रंगवा. तीसपर्यंतचे पाढे रंगवले तर मुलांना रोज उपयोग होईल. नाहीतर वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं चित्र काढता येईल. एका आकड्याचं एवढं काय. ते आपलं घरातलं होतं, घरातच राहिलेलं बरं. भिंतीवर गेलं की जो तो बघणार आणि जो तो बोलणार.

वहिनीला नमस्कार, धनाजी-वैजयंतीला आशीर्वाद.

असाच लोभ ठेव.
तुझी,
सुकन्या


नातेपुते
३० नोव्हेंबर २०२५

ती. सुकन्याआत्यांस,
वैजयंतीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोन न करता मुद्दाम लिहिते, कारण घरात फोनवर बोललं की सगळी वस्ती ऐकते. लुगडं आणि चटणी पोचली. सासूबाईंनी लुगडं तीनदा नेसून बघितलं आणि तिन्ही वेळा म्हणाल्या की लई झगमग हाय, आणि परत पेटीत ठेवलं. म्हणजे आवडलं.

तुमचं पत्र मामांनी वाचलं. तुम्ही येणार नाही याचं त्यांना एवढं नाही वाटलं. ‘एका आकड्याचं एवढं काय’ हे त्यांना लागलं. पत्र खिशात घालून मेंढरांमागं जातात. मला म्हणाले की सुकन्या मोठ्या कॉलेजात शिकवते, तिला आता आपला आकडा बारका वाटत असंल, त्यात तिचं काय चुकलं न्हाय. आत्या, माझ्यावर रागावू नका, पण तुम्ही असं लिहायला नको होतं.

आणखी एक सांगायचं आहे. हेडमास्तर म्हणाले होते की भिंतीवर जायच्या आधी एकदा मोबाईलवर तपासून घ्या, क्षणात कळतं. मी मामांच्या समोरच मोबाईल काढला. चार अंक टाईप केले असतील-नसतील, तर त्यांनी पडद्यावर तळहात ठेवला. म्हणाले की माझ्या बहिणीनं बघून सांगितलंय, तिच्या शब्दावर मशीन चालवायचं न्हाय. मी मोबाईल ठेवून दिला. नंतर शाळेत एकटीनं बघता आलं असतं, पण बघितलं नाही. त्यांच्या तळहाताखालून चोरून बघितल्यासारखं झालं असतं.

रंगारी १८ तारखेला येणार आहे. पाढे रंगवायचे तर मला तसं कळवा, पण मामांना ते तुम्ही सांगा. माझ्यानं होणार नाही.

आपला लोभ आहे म्हणून एवढं मोकळं लिहिलं.
आपली,
वैजयंती


सोलापूर
४ डिसेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. नमस्कार.

दादा, हे पत्र एकटा असताना वाच. परीक्षेची देखरेख मी सहकाऱ्याला देऊ शकत होते. गुडघाही एवढा दुखत नाही. मी खोटं लिहिलं. पण ते खोटं लहान आहे. मोठं आता लिहिते.

तुझ्या आकड्याला भाग जातो. ७९१९ ने.

वर एवढं लिहून मी उठले होते, पाणी पिऊन आले. आता सगळं क्रमानं सांगते.

१९९२ साली मी इथं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. तू दर आठवड्याला कार्ड पाठवायचास: मागचं गणित सुटलं, नवं पाठव. एकदा घोंगडं खांद्यावर टाकून वसतिगृहाच्या दारातसुद्धा आलास. मुली हसल्या आणि मी तुला लवकर एस.टी. स्टँडवर नेऊन सोडलं. तुला वाटलं मला अभ्यास आहे. मला अभ्यास नव्हता. आपल्या दोघांतला एकच जण पुढं शिकू शकत होता, कळपामागं कुणीतरी हवं होतं आणि तू सातवीतून उठलास म्हणून मी त्या वसतिगृहात होते. हे मला माहीत होतं, तरी मला तुझ्या कार्डांचा कंटाळा आला होता. म्हणून तुला वर्षभर पुरेल असं एक गणित द्यायचं मी ठरवलं. तू ज्याला भेट समजतोस, ती अशी तयार झाली.

लायब्ररीत मूळ संख्यांचं पुस्तक होतं. ज्यांना एक आणि स्वतःखेरीज कशानंच भाग जात नाही त्या संख्यांचं. मी त्यातली हजारावी संख्या घेतली, ७९१९. दहा हजारावी घेतली, १०४७२९. दोन्ही गुणून तुझा आकडा केला. तुला फक्त एवढंच लिहिलं की याला कशानं भाग जातो ते शोध, यादीतल्या संख्या ओळीनं घे, आणि भागाकार भाजकापेक्षा लहान यायला लागला की थांब, कारण त्यापुढं नवीन काही सापडणार नाही. ज्या दोन संख्यांचा तो गुणाकार, त्यांतली एक लहान असणारच, ती आधीच सापडते. माझा हिशेब असा होता की रोज दोन-तीन भागाकार करत तू वर्ष-सव्वा वर्षानं हजाराव्या संख्येवर पोचशील, बाकी शून्य येईल आणि तू खूश होशील.

यादी मी हातानं उतरवली. एका पानावर चाळीस. पंचविसाव्या पानाच्या शेवटी हजारावी यायला हवी होती. त्या दिवशी मैत्रिणी खाली भेळेच्या गाडीवर थांबल्या होत्या आणि हाका मारत होत्या. मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी सव्विसावं पान ७९२७ पासून सुरू केलं. ७९१९ राहून गेली. सगळ्या यादीत नेमकी तीच एक.

तू हजारावर थांबला नाहीस, तेव्हा मला कळायला हवं होतं. पण तुझी कार्डं यायची बंद झाली होती आणि मला बरं वाटत होतं. मी विचारलंच नाही. १९९७ च्या मार्चमध्ये तुझं पत्र आलं की सगळी यादी संपली, जवळजवळ ऐंशी पानं, कशानंच भाग जात नाही. मला वाटलं तुझाच कुठंतरी भागाकार चुकला. बघ, तेव्हाही पहिला संशय तुझ्यावर. पाडव्याला घरी आले, तू मेंढरांमागं गेला होतास, मी पत्र्याच्या पेटीतून यादी काढली. पंचविसाव्या पानावर एकोणचाळीसच संख्या होत्या. माझ्या हातात पेन होतं. खाली एक ओळ लिहायची होती. मी पान परत ठेवलं.

त्या वर्षी मेंढ्यांच्या देवीच्या साथीत आपला निम्मा कळप गेला होता. संध्याकाळी तू विचारलंस की बरोबर आहे ना. वहिनी भाकरी थापता थापता थांबली होती. तू म्हणालास की औंदा एवढी एकच गोष्ट धड झाली. आणि मी म्हणाले, हो दादा, मूळ संख्या आहे, शाब्बास. तुला दुखवायचं नव्हतं, असं मी स्वतःला अठ्ठावीस वर्षं सांगत आले. ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं, की माझी चूक तुला कळू द्यायची नव्हती. तुझी चार वर्षं मी वाया घालवली आणि वर शाबासकी दिली.

वैजयंतीनं मोबाईल काढला आणि तू त्यावर हात ठेवलास, हे तिनं कळवलं. दादा, तो हात उचल. तिला तपासू दे. भिंतीवर हे खोटं जाऊ देऊ नकोस. आणि विचारलं तर सांग, बहिणीनं फसवलं. मी येऊन सगळ्यांसमोर तसं सांगायला तयार आहे. तू नको म्हणालास तर येणार नाही.

लोभ मागायचा मला हक्क नाही.
सुकन्या


थोरली वस्ती, नातेपुते
१४ डिसेंबर २०२५

चि. सौ. सुकन्या हिस,
दादाचे आशीर्वाद. वि. वि.

पत्र मंगळवारी मिळालं. तू सांगितल्याप्रमाणे एकट्यानं वाचलं, माळावर. राग आला. तो किती आला हे लिहीत नाही, तुझी वहिनी जाणते. दोन दिवस ताटावरून उठताना मी भांडं आपटलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं की भांड्यानं काय केलंय. मग तिला सगळं सांगितलं.

एक संख्या राहून गेली त्याचा राग नाही. शंभर मेंढरं नदीतून पार करताना एखादं मागं राहतंच. कार्डांचा कंटाळा आला होता हे वाचून वाईट वाटलं. पण मीही दर आठवड्याला मागत होतो, एवढं कुणी मागू नये. वसतिगृहाच्या दारात मुली हसल्या हे मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हा कान चांगले होते. राग आला तो पाडव्याचा. पेन हातात असून तू पान परत ठेवलंस, आणि भागाकार मला झेपला तरी खरं मला झेपणार नाही असं धरून चाललीस. हे पुन्हा करू नकोस.

आता माझं ऐक. मलाही एक सांगायचं आहे आणि ते मी केरालासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

तुला माहीत आहे, यादी मी पेटीत ठेवायचो. मेंढरांनी कागद खाल्ला असता. सकाळी दोन-तीन संख्या पाटीवर उतरवून न्यायच्या, भागाकार झाला की हातानं कातलेल्या लोकरीच्या दोरीला एक गाठ मारायची आणि पाटी पुसायची. हजारावी गाठ झाली की बिरोबाला भंडारा उधळायचा असं बोललो होतो. पंचविसावं पान संपलं त्या दिवशी बिरोबापुढं बसून गाठी मोजल्या. नऊशे नव्याण्णव भरल्या. पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

कळपातलं एक कमी असलं तर मला न मोजता कळतं. मेंढरावर बोट ठेवून मोजू नये असं आपले बापू सांगायचे, नजरेला कळलं पाहिजे. आणि इथं तर मी दोनदा मोजलं होतं. घरी येऊन पंचविसावं पान उघडलं असतं, त्यावर बोट ठेवून एकोणचाळीस मोजले असते, तर तिथंच सापडलं असतं. पण तुझ्या अक्षरावर बोट ठेवून मोजायचं मला जमेना. मनात आलं की सुकन्या कॉलेजात शिकते, ती विसरणार नाही, मीच कुठं गाठ मारायला चुकलो असणार. म्हणून तिथंच भागाकार न करता एक गाठ जास्तीची मारली, हजार पुरे केले आणि भंडारा उधळला. देवासमोर. म्हणजे तुझ्या तीन वर्षं आधी मी ते खोटं केलं होतं. तू पान परत ठेवलंस, मी ते उघडलंच नाही. पाडव्याला तुला विचारताना माझा जीव त्या गाठीपाशीच अडकला होता. तू हो म्हणालीस आणि मी सुटलो. म्हणून मोबाईलवर हात ठेवला. सगळा काही तुझ्यावरचा विश्वास नव्हता, थोडी ती गाठही होती.

गुरुवारी जुनी पाटी काढली. वैजयंती मोबाईल घेऊन आली, तिला म्हणालो थांब, आधी मी. ७९१९ नं भाग दिला. हात सवय विसरला आहे, मध्ये एकदा चुकलो. शेवटी १०४७२९ आले आणि खाली काही उरलं नाही. तीन हजारांवर भागाकार केले मी, सुकन्या, शेवटी काही न उरणं कसं दिसतं ते पहिल्यांदा बघितलं. बराच वेळ पाटी पुसली नाही.

मग वाटलं, या १०४७२९ लाही कशानं भाग जातो का ते बघायला हवं. म्हणजे परत दोन, तीन, पाच, सात. पाटी धरली आणि ठेवून दिली. तू लिहिलंयस की ती मूळ संख्या आहे, पण ते मी तुझ्या शब्दावर घेतलं नाही, यापुढं घेणारही नाही. विचार केला की याला ज्यानं भाग जाईल, त्यानं त्या मोठ्या आकड्यालाही गेला असता. हा त्याच्याच पोटातला. आणि मोठ्याला तर मी यादीतला एकेक लावून बघितलाय, त्यातल्या एकानंही पूर्ण भाग गेला नाही. राहिला तो गाळलेला ७९१९. तो लावून बघितला, तेरा वेळा जातो आणि १७८२ उरतात. म्हणजे १०४७२९ ला कशानंच भाग जात नाही. हे ठरवायला मला एकच नवा भागाकार लागला. बाकी सगळे झालेलेच होते. वैजयंतीनं मोबाईलवर बघितलं आणि मान डोलावली.

खरं सांगायचं तर याला पहिली दोनच पानं पुरली असती. भागाकार भाजकापेक्षा लहान झाला की थांब, हा नियम तूच दिला होतास. पुढची पंचाहत्तर-एक पानं तू मला उगाच पळवलंस, ते केराला सांगितलेलं नाही. पण तू लिहितेस चार वर्षं वाया गेली, ते चूक आहे. सातवीनंतर माझी शाळा तेवढीच. शाळेचे दिवस कुणी वाया गेले म्हणत नाही.

ती जास्तीची गाठ सोडवायला घेतली होती. इतक्या वर्षांत लोकर घट्ट बसलीय, नखानं निघेना. केरा म्हणाली की कात्री लाव. नाही लावली. ज्या भागाकाराची ती गाठ होती तो आता झाला आहे. बिरोबाला जाऊन तसं सांगून आलो.

भिंतीवर आता असं रंगवणार: ८२९३४८९५१ = ७९१९ × १०४७२९. खाली दोघांची नावं. चूक कुणाची आणि कशी झाली, ते मुलांना तू तोंडानं सांग, भेळेसकट. गाठीचं मी सांगीन. म्हणून यायचं आहेच. देखरेख सहकाऱ्याला दे.

येताना एक गणित घेऊन ये. वर्षभराचं नको, एका दिवसाचं आण. दुसऱ्या दिवशी दुसरं मागायला मी कार्ड टाकीन.

तुझा लोभ हवाच आहे, मागून घेतो.
तुझा दादा,
गुंडा